गाडीतला चालक गेला; जाब कोणाला विचारायचा?

युद्ध पुकारणारे वेगळे असतात आणि युद्धात मरणारे वेगळे असतात. पुकारणारे राजधानीत बसतात. मरणारे खेड्यापाड्यांतून आणि झोपडपट्ट्यांतून येतात. जगाचा हा जुना रिवाज आहे. आता त्यात एका नव्या गोष्टीची भर पडत आहे. चालकाशिवाय धावणारी, आपला रस्ता आपणच शोधणारी लष्करी वाहने तयार करण्याची शर्यत बड्या लष्करी देशांत लागली आहे. आपला देशही या कामात उतरला आहे. अशा वाहनांच्या बातम्या छापताना आपली वर्तमानपत्रे टाळ्या वाजवतात. वेग किती, वजन किती, पल्ला किती हे सारे रंगवून सांगतात. त्या गाडीने चुकून एखादा माणूस मारला तर गुन्हा कोणावर दाखल होणार, एवढे मात्र कोणी विचारत नाही. आम्हाला आज तोच प्रश्न विचारायचा आहे.

आधी हे प्रकरण सुरू कसे झाले ते पाहू. २००० सालाच्या अखेरीस अमेरिकेत संरक्षण खर्चाचा जो कायदा झाला, त्यात एक उद्दिष्ट लिहिले गेले. २०१५ पर्यंत लष्कराच्या जमिनीवरील लढाऊ वाहनांपैकी एक तृतीयांश वाहने माणसाविना चालणारी असावीत, असे ते उद्दिष्ट होते. कायदा झाला, पण अशी गाडी होती कोठे? ऐंशीच्या दशकात लष्कराच्या पैशावर असे प्रयोग झाले होते. त्या गाड्या रस्त्यावर पडलेली सावली पाहूनही गोंधळत. तेव्हा ‘डार्पा’ या संस्थेने वेगळाच मार्ग काढला. रशियाने १९५७ साली स्पुटनिक सोडल्यावर धास्तावलेल्या अमेरिकेने १९५८ साली ही लष्करी संशोधन संस्था काढली. तिने बड्या शस्त्र कंपन्यांच्या तोंडाकडे न पाहता खुली स्पर्धा जाहीर केली. विद्यार्थी, प्राध्यापक, गॅरेजवाले, कोणीही यावे; माणूस आत न बसवता गाडी वाळवंट पार करून दाखवावी आणि १० लाख डॉलर घेऊन जावे.

१३ मार्च २००४ रोजी मोहावीच्या वाळवंटात पहिली शर्यत झाली. मार्ग सुमारे २२८ किलोमीटरचा होता. १५ गाड्या निघाल्या आणि एकही पोहोचली नाही. सर्वांत पुढे गेली ती कार्नेगी मेलन विद्यापीठाची ‘सँडस्टॉर्म’. तीही १२ किलोमीटरच्या आतच एका वळणावर बांधावर अडकून बसली. बक्षीस तसेच राहिले. लोक हसले. पण हसणाऱ्यांना दीड वर्षातच उत्तर मिळाले. ८ ऑक्टोबर २००५ रोजी पुन्हा शर्यत झाली. या वेळी मार्ग सुमारे २१२ किलोमीटरचा होता आणि बक्षीस २० लाख डॉलरचे. पाच गाड्यांनी तो मार्ग पूर्ण केला. स्टॅनफर्ड विद्यापीठाची ‘स्टॅन्ली’ ही गाडी सात तासांहून कमी वेळात पोहोचली आणि पहिली आली. तिच्या छपरावर लेसर किरण फेकून समोरचा खड्डा, दगड, चढ मोजणारी यंत्रे होती. कॅमेरा होता, उपग्रहावरून आपली जागा ओळखणारे यंत्र होते, आणि या सर्वांचा हिशेब करून स्टिअरिंग व ब्रेक हलवणारे संगणक होते.

तिसरी शर्यत ३ नोव्हेंबर २००७ रोजी झाली. या वेळी परीक्षा शहराची होती. कॅलिफोर्नियातील व्हिक्टरव्हिल येथे बंद पडलेल्या हवाई तळाच्या वसाहतीत गाड्यांना वाहतुकीचे नियम पाळत सुमारे ९६ किलोमीटर जायचे होते. चौकात थांबायचे, दुसऱ्या गाडीला वाट द्यायची, जागा पाहून गाडी लावायची. अंतिम फेरीत ११ गाड्या होत्या. सहा गाड्यांनी मार्ग पूर्ण केला आणि कार्नेगी मेलनची ‘बॉस’ पहिली आली. जगभर वाहवा झाली.

आता एका गोष्टीकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधतो. पहिल्या दोन शर्यती वाळवंटात झाल्या, मोकळ्या केलेल्या मार्गावर. तिसरी शहराची म्हणून गाजली. त्या शहरात घरे होती, चौक होते, इतर गाड्या होत्या. पण रस्त्यावर पायी चालणारा माणूस नव्हता. शाळेतून येणारे पोर नव्हते, डोक्यावर मोळी घेतलेली बाई नव्हती, हातगाडी नव्हती. स्पर्धेत कोणाला इजा होऊ नये म्हणून असे केले हे उघड आहे, आणि त्यात गैर काहीच नाही. पण खरे युद्ध रिकाम्या वसाहतीत होत नाही. ते बगदादमध्ये, गाझात, खार्किवमध्ये होते. तेथे सैनिकाच्या आधी सामान्य माणूस राहतो. ज्या यंत्राची पहिली परीक्षा माणूस वगळून झाली, त्याला माणसांच्या गर्दीत सोडताना दहा वेळा विचार करावा लागेल.

ही भीती हवेतली नाही. २००५ च्या विजयी संघाचे प्रमुख सेबॅस्टियन थ्रन यांना घेऊन गूगलने २००९ साली बिनचालकाच्या मोटारीचा प्रकल्प सुरू केला. या शर्यतींत तयार झालेले अनेक तज्ज्ञ पुढे खासगी कंपन्यांत गेले. म्हणजे विद्या लष्कराच्या, पर्यायाने जनतेच्या, पैशावर वाढली आणि बाजार कंपन्यांना मिळाला. या बाजारातली एक गाडी ‘उबर’ची होती. १८ मार्च २०१८ रोजी रात्री अमेरिकेतील टेंपी शहरात चाचणीवर असलेल्या या गाडीने हाताने सायकल ढकलत रस्ता ओलांडणाऱ्या एका ४९ वर्षांच्या बाईला धडक दिली आणि ती मेली. सरकारी चौकशीत जे बाहेर आले ते प्रत्येकाने वाचावे असे आहे. गाडीच्या यंत्रांनी त्या बाईला धडकेपूर्वी साडेपाच सेकंद आधी टिपले होते. पण संगणक तिला कधी वाहन, कधी सायकल, कधी अनोळखी वस्तू समजत राहिला. कारण पादचारी माणूस झेब्रा पट्ट्यांच्या बाहेरूनही रस्ता ओलांडू शकतो, हे त्या प्रणालीत धरलेलेच नव्हते. यंत्राच्या हिशेबात माणूस होता, पण तो ठरवून दिलेल्या जागीच माणूस होता. जागा सोडली की तो वस्तू झाला!

पुढे काय झाले? कंपनीवर फौजदारी गुन्हा चालवण्यास आधार नाही, असे २०१९ साली सरकारी वकिलांनी सांगितले. खटला चालला तो गाडीत देखरेखीसाठी बसवलेल्या पगारी चालक महिलेवर. ती त्या वेळी मोबाइलवर कार्यक्रम पाहत होती असा आरोप होता. २०२३ साली तिने कमी गंभीर गुन्हा कबूल केला आणि तिला तीन वर्षे देखरेखीखाली राहण्याची शिक्षा झाली. तिची चूक असेल. आम्ही तिची वकिली करत नाही. पण ज्यांनी प्रणाली बनवली, जिने रस्त्यावरच्या माणसाला माणूस मानले नाही, ते सर्व सुटले आणि सर्वांत खालचा माणूस सापडला. जबाबदारीचे ओझे शेवटी खालच्या पायरीवर येऊन पडते हे आमच्या वाचकांना नव्याने सांगण्याची गरज नाही. ही गोष्ट शांततेच्या काळातली, कायद्याचे राज्य असलेल्या शहरातली आहे. युद्धभूमीवर तेवढीही चौकशी कोण करणार?

येथे कोणी म्हणेल, मग सैनिकाने मरतच राहावे काय? मुळीच नाही. हा मुद्दा खरा आहे आणि तो आम्ही टाळणार नाही. इराक आणि अफगाणिस्तानात अमेरिकी सैनिकांचे सर्वाधिक बळी रस्त्याकडेला पेरलेल्या बॉम्बनी घेतले. अन्न, पाणी, डिझेल घेऊन जाणाऱ्या ताफ्यातला ड्रायव्हर बंदूक चालवत नसतो. तो फक्त गाडी हाकतो आणि तरी मरतो. यात परक्या देशांतले गरीबही होते. जुलै २००४ मध्ये इराकमध्ये कुवेती कंपनीच्या ट्रकवरचे तीन भारतीय ड्रायव्हर ओलीस धरले गेले आणि १ सप्टेंबरला सुटले. ते पंजाब आणि हिमाचलमधून पोटासाठी गेले होते. कंत्राटावरचे असे कामगार मेले तर त्यांची नावे सैनिकांच्या मृतांच्या यादीतही येत नाहीत. हा ट्रक उद्या आपोआप चालणार असेल आणि एका बापाचा जीव वाचणार असेल, तर त्या यंत्राचे आम्ही स्वागतच करू.

यंत्राला शिव्या घालण्याची आमची परंपरा नाही. यंत्र हे माणसाला गुलाम करते, म्हणून यंत्र नको, असे म्हणणाऱ्यांना बाबासाहेबांनी १९४५ सालीच उत्तर दिले आहे. दोष यंत्राचा नाही. यंत्राचा लाभ मूठभरांच्या हाती देणाऱ्या समाजरचनेचा आहे, असे त्यांचे म्हणणे होते. त्याच कसोटीवर आम्ही ही गाडी तपासत आहोत. पुण्याजवळ दिघीच्या संरक्षण संशोधन प्रयोगशाळेने ‘दक्ष’ हे यंत्र तयार केले. ते दूरवरून चालवता येते, जिने चढते, संशयित वस्तू उचलते, बॉम्ब निकामी करते. २०११ साली ते लष्कराकडे देण्यास सुरुवात झाली. बॉम्बजवळ माणसाऐवजी ‘दक्ष’ गेला, यात कोणाचे काय बिघडले? उलट माणूस वाचला. सुरुंग शोधणारे, जखमी सैनिकाला उचलून आणणारे, रसद पोहोचवणारे वाहन आणि बंदूक घेऊन स्वतःच निशाणा ठरवणारे वाहन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सारी गफलत त्यांना एकाच नावाखाली बांधण्यात आहे. रसदेच्या गाडीचे पुण्य दाखवून बंदुकीच्या गाडीला परवाना मिळवायचा, ही चलाखी ओळखली पाहिजे.

पहिल्या गाडीपासून दुसऱ्या गाडीपर्यंतची वाट फार लांब नाही. ती कशी चालली जाते ते समजून घेतले पाहिजे. आज रणांगणावर दिसणारी बहुतेक बिनमाणसी वाहने खरोखर बिनचालकाची नाहीत. चालक दूर बसलेला असतो आणि रेडिओ लहरींवरून गाडी हाकतो. ‘मुंत्रा’ नावाचे जे चिलखती वाहन आपल्या आवडीच्या प्रयोगशाळेने २०१७ साली दाखवले, ते याच जातीचे. शत्रू काय करतो? तो त्या लहरी अडवतो. रशियाने ‘उरान-९’ हे रणगाड्यासारखे वाहन सीरियात नेऊन पाहिले, तेव्हा चालकाचा आणि वाहनाचा संपर्क वारंवार तुटला, असे रशियातच २०१८ साली मान्य केले गेले. युक्रेनच्या युद्धात जमिनीवरची हजारो छोटी यंत्रे दारूगोळा नेतात, जखमींना मागे आणतात. डिसेंबर २०२४ मध्ये खार्किवच्या उत्तरेला लिप्त्सी गावाजवळ केवळ जमिनीवरची व हवेतील यंत्रे वापरून हल्ला केल्याचे युक्रेनी सैन्याने सांगितले. तेथेही दोन्ही बाजू एकमेकांच्या लहरी अडवत आहेत. मग लष्करातले तंत्रज्ञ म्हणतात, संपर्क तुटला तरी गाडी थांबू नये, तिला स्वतःची अक्कल द्या. आधी रस्ता शोधण्याची अक्कल. मग धोका ओळखण्याची. मग निशाणा सुचवण्याची. शेवटची पायरी गोळी झाडण्याची असते. प्रत्येक पायरी लहान वाटते, प्रत्येकीला लष्करी कारण असते, आणि माणूस कोणत्या पायरीवर बाहेर पडला हे कोणाच्या लक्षातही येत नाही.

अमेरिकेचे २०१५ चे उद्दिष्ट फसले, हे खरे आहे. ज्या प्रचंड लष्करी योजनेत ही वाहने बसवायची होती ती २००९ साली गुंडाळावी लागली. खड्डे, चिखल, झुडपे, पडकी घरे यांतून वाट काढणे हे विमान उडवण्यापेक्षा यंत्राला फार अवघड जाते. आकाशात अडथळे थोडे, जमिनीवर पावलोपावली. पण उद्दिष्ट फसले म्हणजे काम थांबले असे नव्हे. म्हणूनच नियम करण्याची वेळ आता आहे. शस्त्र तयार होऊन गोदामात आले, कारखाने उभे राहिले, कंत्राटे वाटली गेली, की मग नियमांचे नाव काढणाऱ्याला देशद्रोही ठरवले जाते.

नियमांच्या बाबतीत जगात काय चालले आहे? अमेरिकेच्या संरक्षण खात्याने २०१२ साली एक आदेश काढला आणि २०२३ साली तो सुधारला. बळाच्या वापरावर माणसाच्या विवेकाची ‘योग्य पातळी’ असावी असे त्यात म्हटले आहे. योग्य म्हणजे किती, हे ठरवणार तेच! संयुक्त राष्ट्रांचे महासचिव गुटेरेस यांनी जुलै २०२३ मध्ये आवाहन केले की माणसाच्या नियंत्रणाविना मारणाऱ्या शस्त्रांवर बंदी घालणारा बंधनकारक करार २०२६ पर्यंत व्हावा. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये या विषयावर देशांची मते मागवून अहवाल करावा, असा ठराव आमसभेपुढे आला. १५२ देशांनी बाजूने मत दिले. विरोधात फक्त चार देश होते: रशिया, बेलारूस, माली आणि भारत. जिनिव्हात चर्चा सुरू असताना दुसरे व्यासपीठ नको, अशी आपल्या सरकारची भूमिका आहे. पण जिनिव्हात सहमतीशिवाय पान हलत नाही आणि बडे देश सहमती होऊ देत नाहीत, हे सरकारला ठाऊक नाही काय? डिसेंबर २०२४ मध्ये पुन्हा ठराव आला तेव्हा भारत तटस्थ राहिला. बुद्धाचे नाव जगभर सांगत फिरणाऱ्या देशाने या प्रश्नावर एकदा विरोध करावा आणि एकदा गप्प बसावे, हे आम्हाला पटत नाही. नवे शस्त्र वापरण्यापूर्वी ते कायद्यात बसते की नाही हे तपासण्याचे बंधन घालणारा १९७७ चा जिनिव्हा करारांचा पहिला पूरक मसुदाही भारताने स्वीकारलेला नाही.

कोणी म्हणेल, आपल्या लष्कराकडे शिस्त आहे, कायदे आहेत, न्यायालये आहेत. असे म्हणणाऱ्यांनी नागालँडचे ओटिंग आठवावे. ४ डिसेंबर २०२१ रोजी कोळसा खाणीतून घरी परतणाऱ्या मजुरांच्या गाडीवर लष्कराच्या पथकाने गोळीबार केला आणि सहा मजूर मारले गेले. ओळखण्यात चूक झाली, असे सरकारने संसदेत सांगितले. राज्याच्या विशेष तपास पथकाने ३० जवानांवर आरोपपत्र ठेवले. केंद्राने २०२३ साली खटल्याला परवानगी नाकारली, आणि परवानगीअभावी सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये ते खटले बंद केले. तेथे बंदुकीमागे माणसे होती. त्यांना डोळे होते, त्यांची नावे होती, त्यांना हुकूम देणारा अधिकारी होता. एवढे सगळे असूनही मजुरांच्या बायकापोरांना न्यायालयात जबाब मिळाला नाही. उद्या बंदुकीमागे माणूसच नसेल तर? अधिकारी म्हणेल, मी गोळी झाडली नाही. सैनिक म्हणेल, मी तेथे नव्हतो. कंपनी म्हणेल, आम्ही माल लष्कराच्या अटींप्रमाणे दिला. प्रोग्रॅम लिहिणारा म्हणेल, यंत्र स्वतः शिकते. सगळे खरे बोलतील आणि मेलेला माणूस मात्र कोणीच मारलेला नसेल!

दुसरी गोष्ट याहून खोल आहे. लोकशाहीत राज्यकर्त्यांना युद्धापासून रोखणारी एकच मोठी भीती असते. शवपेटी गावात येण्याची. गाव रडते, गाव विचारते, लढाई कशासाठी होती? एका बाजूची शवपेटीच बंद झाली तर तिकडचा प्रश्नही बंद होईल. युद्ध संपणार नाही, ते फक्त बलवानाला स्वस्त पडेल. दुसऱ्या बाजूला माणसे मरतच राहतील, आणि ती बाजू बहुधा गरीब देशाची किंवा देशातल्याच एखाद्या नकोशा केलेल्या कोपऱ्याची असेल.

म्हणून आमची मागणी साधी आणि स्पष्ट आहे. रसद नेणाऱ्या, सुरुंग काढणाऱ्या, जखमी आणणाऱ्या वाहनांवर सरकारने खुशाल पैसा खर्च करावा. पण माणसावर शस्त्र चालवण्याचा निर्णय कोणत्याही वाहनाच्या संगणकावर सोडता येणार नाही, असा कायदा संसदेने करावा. सैन्यात घेतलेल्या अशा प्रत्येक वाहनामागे एक जबाबदार अधिकारी नावानिशी नेमलेला असावा आणि निर्माती कंपनीही कायद्याच्या कक्षेत असावी. वाहनाने कोणाला मारले तर त्याच्या संगणकातील नोंदी न्यायालयापुढे ठेवणे बंधनकारक असावे. आणि संयुक्त राष्ट्रांत भारताने तटस्थतेच्या खुर्चीवरून उठून बंदीच्या बाजूने मत द्यावे. यात देशाच्या सुरक्षेला धक्का लावणारे काय आहे? सरकारने सांगावे.

मंत्रिमंडळ लोकसभेला जबाबदार आणि लोकसभा जनतेला जबाबदार, अशी साखळी संविधानाने घालून दिली आहे. ती माणसांची साखळी आहे. तिच्यातली एक कडी काढून तेथे यंत्र बसवले की साखळी तुटते आणि तिच्या खालच्या टोकाला उभ्या असलेल्या नागरिकाच्या हातात काहीच उरत नाही. गाडीतून चालकाला जरूर उतरवा. पण हुकूम देणाऱ्याला जबाबदारीतून उतरू देऊ नका. हे संसदेत विचारणारे खासदार आज थोडे आहेत. तेव्हा मते मागायला येणाऱ्या प्रत्येकाला हे आपणच विचारले पाहिजे.